टोरोंटोचा हॉकी हॉल ऑफ फेम: स्टॅन्ली कप कसा पाहावा

स्टॅन्ली कपसोबत, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या विजेत्यांना मिळणाऱ्या चषकासोबत, फोटो काढायचा एवढंच काम असेल, तर टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमला अर्धा तास पुष्कळ झाला. पण या चषकाचा सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास पाहायचा असेल, तर याच्या तोडीची दुसरी जागा नाही, आणि त्यासाठी दोन-अडीच तास तरी हाताशी हवेत. अडचण एकच. या संग्रहालयातली सगळ्यात मोलाची वस्तू सगळ्यात छोट्या खोलीत आहे. फोटोची रांग संपली की लोक एकतर थेट जिना उतरून जातात, नाहीतर त्या खोलीत डोकावून दोन मिनिटांत बाहेर पडतात. हा अभिप्राय मुख्यतः त्या खोलीबद्दल आणि चषकावरच्या कोरीव मजकुराबद्दल आहे. बाकीच्या दालनांबद्दल शेवटी थोडक्यात.

आधी दाराचं. यंग स्ट्रीट आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बँक ऑफ माँट्रियलची १८८५ सालची दगडी, नक्षीदार इमारत आहे. हॉल ऑफ फेम १९९३ पासून तिथं आहे. त्याआधी तीसेक वर्षं तो एक्झिबिशन प्लेसच्या मैदानावर होता. पहिल्यांदा येणारे लोक त्या दगडी इमारतीचं दार शोधत बसतात. प्रवेश तिथून नाही. शेजारच्या ब्रुकफील्ड प्लेसमध्ये शिरायचं आणि सरकत्या जिन्यानं खालच्या मजल्यावर उतरायचं, तिकीट खिडकी तिथं आहे. युनियन स्टेशन अगदी जवळ आहे आणि तिथून जमिनीखालच्या 'पाथ' मार्गानं थेट येता येतं. जानेवारी-फेब्रुवारीत हा मार्ग फार उपयोगी पडतो.

आत गेल्यावर मांडणी अशी आहे की आधी खालच्या मजल्यावरची दालनं लागतात आणि चषकाचं दालन वरच्या बाजूला, जिन्यानं गेल्यावर येतं. मांडलेल्या क्रमानं गेलात, तर चषकापाशी पोहोचेपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात, मुलं कंटाळलेली असतात आणि समोर रांग असते. म्हणून क्रम उलटा करा. सकाळी दार उघडताच आत शिरा, मधे कुठंही न थांबता ग्रेट हॉल गाठा, आणि खालची दालनं नंतर बघा. गर्दी नसताना चषकाभोवती हवं तेवढं फिरता येतं. ते का महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

ग्रेट हॉल म्हणजे जुन्या बँकेचा व्यवहाराचा दिवाणखाना. वर सुमारे ४५ फुटांवर रंगीत काचांचा घुमट आहे, भिंतींवर सन्मानित खेळाडूंच्या तसबिरी आहेत, आणि हार्ट, व्हेझिना, कॉन स्माइथ अशी एनएचएलची मानाची पारितोषिकं काचेच्या कपाटांत आहेत. इमारत मुळातच देखणी आहे, आणि तिला उगाच नवं रूप द्यायचा मोह इथल्या लोकांनी टाळला ही मोठी जमेची बाजू. घुमटातून येणारा उजेड चांदीवर पडतो तेव्हा छायाचित्र छान येतं, पण अक्षरं वाचायला तोच उजेड आड येतो. त्यावर उपाय सोपा: समोर उभं न राहता थोडं बाजूला सरका आणि तिरक्या नजरेनं बघा, ठशांच्या कडा उठून दिसतात. फ्लॅश वापरलात तर पांढऱ्या डागाशिवाय काही हाती लागत नाही.

आता मुख्य प्रश्न: समोर आहे तो कप कोणता? स्टॅन्ली कप नावाच्या वस्तू तीन आहेत, आणि हे ठाऊक नसलं की सगळा इतिहास गोंधळाचा वाटतो. पहिला, १८९२ मध्ये घेतलेला चांदीचा मूळ कटोरा. दुसरा, माँट्रियलचे चांदीकाम करणारे कार्ल पीटरसन यांनी १९६३ मध्ये घडवलेला चषक. विजेत्यांच्या हातात दिला जातो तो हाच, आणि त्याच्या तळाशी हॉल ऑफ फेमची मुद्रा आहे. तिसरी, १९९३ मध्ये माँट्रियलच्याच लुईज सेंट जॅक यांनी केलेली प्रतिकृती. दुसरा चषक बाहेरगावी असला की ग्रेट हॉलमधल्या चौथऱ्यावर ही असते.

तो वर्षातला बराच काळ बाहेरच असतो. अंतिम मालिका जूनमध्ये संपते, आणि मग विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला एकेक दिवस चषक मिळतो. ही प्रथा १९९५ मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्स जिंकले तेव्हापासून रीतसर सुरू झाली. सोबत हॉल ऑफ फेमचा माणूस कायम असतो, पांढरे हातमोजे घालणारा. उन्हाळाभर चषक गावोगाव फिरतो, मग नावं कोरायला माँट्रियलला जातो. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये टोरोंटोला गेलात तर प्रतिकृतीच दिसणार असं धरून चाला. हिवाळ्यात खरा चषक सापडण्याची शक्यता जास्त. प्रतिकृती इतकी बारकाईनं केली आहे की सहज बघणाऱ्याला फरक कळत नाही.

ओळखायची खूण मात्र एक आहे आणि ती शोधण्यासारखी आहे. १९८४ मध्ये एडमंटन ऑइलर्स पहिल्यांदा जिंकले. त्या वेळी संघाचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी आपले वडील बेझिल यांचंही नाव यादीत घातलं. वडिलांचा संघाशी काही संबंध नव्हता. एनएचएलच्या हे लक्षात आलं तेव्हा नाव कोरून झालेलं होतं. चांदीवरचं अक्षर खोडता येत नाही, म्हणून त्यावर इंग्रजी 'एक्स'चा ठसा मारला, एका अक्षरावर एक. इंग्रजी स्पेलिंगमध्ये नाव-आडनाव मिळून १६ अक्षरं होतात, आणि चषकावर फुल्याही १६ आहेत. खऱ्या चषकावर ही ओळ ठसठशीत दिसते, प्रतिकृतीवर फुल्या नाहीत.

ती ओळ शोधायची तर चषकाची रचना ठाऊक हवी. सगळ्यात वर कटोरा, त्याखाली अरुंद कड्यांची मान, मग खांदा, आणि खाली पिंपासारखा भाग. या पिंपावर पाच रुंद पट्टे आहेत. एका पट्ट्यावर साधारण १३ विजेते संघ मावतात. ते एकाखाली एक नसून पट्ट्याभोवती गोलाकार, शेजारीशेजारी चौकोनांत आहेत. प्रत्येक चौकोनात आधी वर्ष आणि संघाचं नाव, मग मालक आणि व्यवस्थापक, मग प्रशिक्षक, आणि शेवटी खेळाडू. म्हणूनच चषकाभोवती फिरायला मोकळी जागा हवी. एका बाजूनं बघितलं तर एका पट्ट्यावरचे तीन-चारच संघ दिसतात.

सध्याचे पट्टे वरून खाली असे आहेत: पहिल्यावर १९६६ ते १९७८, दुसऱ्यावर १९७९ ते १९९१, तिसऱ्यावर १९९२ ते २००४, चौथ्यावर २००५ ते २०१७, आणि पाचवा २०१८ पासून भरत चालला आहे. पाचव्याची सुरुवात वॉशिंग्टन कॅपिटल्सनं होते. पुढं सेंट लुइस, टॅम्पा बे दोनदा, कोलोरॅडो, व्हेगस, फ्लोरिडा दोनदा. म्हणजे बेझिल पॉकलिंग्टनच्या फुल्या दुसऱ्या पट्ट्यावर. विख्यात खेळाडू वेन ग्रेट्झकीचे चारही विजय (१९८४, १९८५, १९८७, १९८८) त्याच पट्ट्यावर आहेत, आणि त्यांच्या आधीचे न्यूयॉर्क आयलंडर्सचे सलग चार विजयही. दुसरा दिग्गज बॉबी ऑर १९७० आणि १९७२ मध्ये जिंकला, म्हणजे पहिल्या पट्ट्यावर. त्या पट्ट्यावरच्या १३ विजयांपैकी ८ एकट्या माँट्रियल कॅनेडियन्सचे आहेत. चौथा पट्टा विजेत्याच्या नावानं सुरूच होत नाही. तिथं कोरलं आहे की २००४-०५ चा हंगाम खेळवला गेला नाही. मालक आणि खेळाडूंच्या वेतनाच्या वादात अख्खा हंगाम बुडाला होता.

पाचवा पट्टा भरला की सगळ्यात वरचा काढतात, बाकीचे एकेक घर वर सरकतात आणि तळाशी कोरा पट्टा बसतो. यामुळे चषकाची उंची कायम राहते: ८९.५४ सेंटीमीटर, वजन साडेपंधरा किलोच्या आसपास. पुढचा बदल २०३१ च्या विजेत्यांच्या वेळी येईल आणि तेव्हा १९६६ ते १९७८ चा पट्टा उतरेल. टोरोंटो मेपल लीफ्सचा शेवटचा विजय १९६७ चा, त्याच पट्ट्यावरचा. पट्टा उतरेपर्यंत लीफ्स पुन्हा जिंकले नाहीत, तर चषक ज्या शहरात राहतो त्या शहराच्या संघाचं नाव पिंपावर कुठंच उरणार नाही. लीफ्सच्या चाहत्यांनी तो चौकोन आत्ताच नीट बघून घ्यावा.

चषकाला हात लावायला परवानगी आहे. जगातल्या फार थोड्या मानाच्या चषकांना असा हात लावता येतो, आणि हॉलनं ही मोकळीक टिकवून ठेवली आहे याचं मनापासून कौतुक आहे. उचलायला मात्र बंदी. तो मान जिंकणाऱ्यांचा. चालू खेळाडू तर जिंकेपर्यंत बोटही लावत नाहीत, तो अपशकुन समजला जातो.

आता ती छोटी खोली. ग्रेट हॉलला लागूनच बँकेची जुनी तिजोरी आहे, खरीखुरी, जाड पोलादी दाराची. तिला लॉर्ड स्टॅन्लीची तिजोरी म्हणतात. आत मंद उजेड, आणि काचेमागे १८९२ चा मूळ कटोरा. तो सहसा जागचा हलत नाही, त्यामुळे कुठल्याही ऋतूत गेलात तरी निदान ही एक वस्तू हमखास खरी बघायला मिळते.

पहिल्यांदा बघणाऱ्याला त्याचा लहान आकार चकित करतो: उंची १८.५ सेंटीमीटर, तोंडाचा व्यास २९ सेंटीमीटर. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली ऑफ प्रेस्टन यांनी तो दिला. त्यांनी १८८९ मध्ये माँट्रियलच्या हिवाळी जत्रेत पहिल्यांदा आइस हॉकी पाहिली, आणि त्यांची मुलं, मुलगी इझाबेलसुद्धा, हा खेळ खेळायला लागली. १८ मार्च १८९२ रोजी ओटावाच्या रसेल हाउस हॉटेलातल्या मेजवानीत त्यांचं पत्र वाचून दाखवलं गेलं: दरवर्षी सर्वोत्तम संघाला फिरता चषक द्यावा. त्यांचे माजी मदतनीस कॅप्टन कोलव्हिल यांनी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या जी. आर. कॉलिस आणि कंपनीतून तो विकत घेतला. किंमत १० गिनी, तेव्हाच्या हिशेबानं ४८.६७ डॉलर. कटोऱ्याच्या एका बाजूला 'डोमिनियन हॉकी चॅलेंज कप' आणि दुसऱ्या बाजूला देणाऱ्याचं नाव व घराण्याचं चिन्ह कोरलं आहे. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय तिजोरीतून बाहेर पडू नका. १८९३ मध्ये स्टॅन्ली इंग्लंडला परत गेले. आपल्या चषकासाठीचा एकही सामना त्यांनी पाहिला नाही.

चषकाचं आजचं रूप समजून घ्यायचं तर त्यांनी घातलेल्या अटी ठाऊक हव्यात. चषक कुणाच्याही कायमच्या मालकीचा होणार नाही. त्याचा कारभार विश्वस्त बघतील. जिंकणाऱ्यानं तो सुस्थितीत परत करायचा. आणि संघाचं नाव चांदीच्या कड्यावर स्वखर्चानं कोरून घ्यायचं. पुढच्या सगळ्या विचित्रपणाचं मूळ या शेवटच्या अटीत आहे. खर्च आपला म्हटल्यावर कुणी कोरलं, कुणी कोरलंच नाही, कुणी जागा मिळेल तिथं कोरलं. माँट्रियल वाँडरर्सनी १९०७ मध्ये पहिल्यांदा खेळाडूंची नावं घातली, तीही कटोऱ्याच्या आतल्या बाजूला. व्हॅन्कुव्हर मिल्यनेअर्सनी १९१५ मध्ये तसंच केलं. पोर्टलंड रोझबड्सनी तर १९१६ ची मालिका हरूनही आपलं नाव घालून घेतलं, कारण आदल्या विजेत्यांकडून, व्हॅन्कुव्हरकडून, चषक त्यांच्या ताब्यात आला होता. दरवर्षी न चुकता खेळाडूंची नावं कोरण्याची रीत १९२४ पासूनची. तिजोरीत उभं राहून कटोऱ्याच्या आत डोकवायचा प्रयत्न करा. काचेच्या कोनामुळं सगळं दिसत नाही, पण ओरखडे आणि अक्षरांची दाटी कळते.

नावं वाढत गेली तशी कडी एकाखाली एक जोडली गेली. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून चषक उंच आणि सडपातळ होत गेला, आणि १९४० च्या दशकापर्यंत त्याला स्टोव्हच्या धुराड्याचा आकार आला. तेव्हाचे लोक त्याला 'स्टोव्हपाइप कप'च म्हणत. तो धरायला अवघड आणि उभा ठेवायला डगमगता. १९४८ मध्ये रुंद पिंपावर कटोरा बसवून दोन भागांत बांधणी झाली, आणि १९५८ मध्ये आजचं पाच पट्ट्यांचं एकसंध रूप आलं. पुढं मूळ कटोऱ्याची चांदी ठिसूळ झाली, म्हणून १९७० च्या आसपास तो कायमचा खाली उतरवला. आज विजेते डोक्यावर धरतात त्या चषकाच्या माथ्यावर त्याची नक्कल आहे.

चषकाच्या मूळ गळपट्टीचीही, म्हणजे कटोऱ्याखालच्या जुन्या कड्याचीही, एक हकीकत आहे. १९७० मध्ये ती हॉल ऑफ फेमच्या जुन्या जागेतून चोरीला गेली आणि १९७७ मध्ये टोरोंटोतल्याच एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात सापडली. तिजोरीचं जाड दार नुसतं शोभेचं नाही हे त्यावरून कळतं.

कटोऱ्याइतकाच वेळ निवृत्त पट्ट्यांना द्यायला हवा. पिंपावरून काढलेले पट्टे उलगडून सपाट केलेले आहेत, त्यामुळं इथं गोल फिरावं लागत नाही. अख्खा पट्टा एका नजरेत वाचता येतो. आतापर्यंत तीन उतरले: १९२८ ते १९४०, १९४१ ते १९५३, आणि २०१८ मध्ये काढलेला १९५४ ते १९६५ चा. घाईत असाल तर तिसराच वाचा.

त्या पट्ट्यावर १३ ऐवजी १२ संघ आहेत. १९६५ च्या माँट्रियल कॅनेडियन्सची यादी ठरलेल्या जागेपेक्षा मोठी कोरली गेली आणि तेराव्या संघाला जागाच उरली नाही. शेवटचा चौकोन शेजारच्यांपेक्षा ऐसपैस दिसतो तो त्यामुळे. त्याच पट्ट्यावर १९५४ आणि १९५५ च्या डेट्रॉइट रेड विंग्जच्या यादीत मार्गरीट नॉरिस यांचं नाव शोधा: संघाच्या अध्यक्षा, आणि स्टॅन्ली कपवर नाव आलेली पहिली स्त्री. गोर्डी हाव आणि मॉरिस रिशार या जुन्या दिग्गजांची पिंपावर उरलेली शेवटची नावंही याच पट्ट्याबरोबर खाली उतरली, तेव्हा कॅनडात बरीच हळहळ व्यक्त झाली होती. हळहळ समजण्यासारखी आहे, पण पट्टे काढणंच योग्य. धुराड्याच्या दिवसांत नुसती कडी जोडत गेल्यानं काय होतं ते दिसलंच होतं.

याच पट्ट्यावर १९६३ च्या टोरोंटोच्या नावात 'लीफ्स'मधल्या 'एफ'च्या जागी 'ई' आहे. आणि १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं जिंकणारे गोलरक्षक जाक प्लांट यांचं नाव पाच वेळा वेगवेगळं पडलं आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे शोधायला लावा. खालच्या मजल्यावरच्या खेळांपेक्षा ती यात जास्त रमतात.

चुका का होतात हे कोरण्याची पद्धत कळली की उमजतं. पट्टा पिंपावरून सोडवतात, गोल आधारावर चढवतात, आणि पोलादी ठसा ठेवून हातोडीचा घाव घालतात. एका घावात एक अक्षर. यंत्र नाही, आधी पुसट लिहून बघायची सोय नाही, आणि पृष्ठभाग वक्र. ठसा चुकीचा उचलला गेला तर चूक कायमची. १९७२ च्या बॉस्टनच्या नावात दोन्ही 'ओ'च्या जागी 'क्यू' आहेत. हे सध्याच्या पहिल्या पट्ट्यावर दिसतं. १९८१ च्या आयलंडर्समधला 'एस' गळला आहे, तो दुसऱ्या पट्ट्यावर. जुन्या चुका तशाच राहिल्या. पहिली दुरुस्ती १९९६ च्या कोलोरॅडोच्या अ‍ॅडम डेडमार्श यांच्या नावाची: 'एस'च्या जागी 'सी' पडला होता, तो नंतर ठशावर ठसा मारून बदलला. २००६ मध्ये एरिक स्टाल यांच्या आडनावात एक 'ए' जास्त पडला, तोही दुरुस्त केला. तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यावर ही नावं जवळून बघा. दुरुस्तीची जागा आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा जरा खडबडीत वाटते.

कुणाचं नाव येतं याचेही नियम आहेत, आणि यादी वाचताना ते ठाऊक असलेले बरे. नियमित हंगामातले निम्मे, म्हणजे ४१ सामने त्या संघाकडून खेळलेला किंवा अंतिम मालिकेत एक तरी सामना खेळलेला खेळाडू आपोआप पात्र. दुखापतीमुळं कुणी कमी पडला तर संघ एनएचएलकडे विनंती करू शकतो. सर्वाधिक वेळा खेळाडू म्हणून नाव असण्याचा मान आंरी रिशार यांचा, ११ वेळा. जाँ बेलिव्हो यांचं नाव एकूण १७ वेळा आहे: १० खेळाडू म्हणून आणि ७ संघाच्या कारभारात असताना.

तक्रारीची जागा इथं येते. १८९३ ते १९२६ हा काळ चषकाच्या इतिहासातला सगळ्यात रंगतदार, पण ग्रेट हॉल आणि तिजोरी मिळून त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही. हा चषक मुळात आव्हानाचा होता. कुठलाही प्रांतिक विजेता विश्वस्तांना पत्र लिहून 'आम्हाला खेळू द्या' म्हणू शकत असे. १९०५ मध्ये युकॉनमधल्या डॉसन सिटीचा संघ पायी, कुत्र्यांच्या गाड्या, बोट आणि आगगाडी असं करत सुमारे ६,४०० किलोमीटर अंतर कापून ओटावाला आला आणि ९-२, २३-२ असा हरला. दुसऱ्या सामन्यात ओटावाच्या फ्रँक मॅगीनं एकट्यानं १४ गोल केले. १९०७ मध्ये केनोरासारख्या छोट्या गावानं चषक जिंकला आणि दोन महिन्यांत गमावला. १९१७ मध्ये सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स हा जिंकणारा पहिला अमेरिकन संघ ठरला. १९१९ मध्ये माँट्रियल आणि सिअ‍ॅटलची मालिका बरोबरीत असताना इन्फ्लुएंझाच्या साथीनं थांबली, माँट्रियलचे जो हॉल त्यात वारले, आणि चषक कुणालाच मिळाला नाही. मालिका अपुरी राहिल्याची नोंद १९४८ च्या नव्या बांधणीत चषकावर कोरली गेली. १९२५ चा व्हिक्टोरिया कुगर्स हा एनएचएलबाहेरचा शेवटचा विजेता. १९४७ मध्ये विश्वस्तांनी करार करून कारभार एनएचएलकडे सोपवला, तोवर दोन दशकं एनएचएलशिवाय दुसरं कुणी खेळतच नव्हतं. एवढं सगळं मनात ठेवून गेलात तर तिजोरीतल्या कड्यांवरची अनोळखी संघनावं बोलायला लागतात. न वाचता गेलात तर फलकांवरच्या थोडक्या मजकुरातून हा धागा जुळवणं अवघड जातं.

खालच्या मजल्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माँट्रियल कॅनेडियन्सच्या जुन्या ड्रेसिंग रूमची मांडणी सुरेख आहे. गोलरक्षकांच्या मुखवट्यांचा संग्रह चांगला आहे, आणि वेगवेगळ्या देशांच्या हॉकीचं दालनही. खेळून बघायच्या जागा (पडद्यावरच्या गोलरक्षकाला पक (हॉकीत चेंडूऐवजी वापरायची चकती) मारणं, समालोचनाची खोली) लहान मुलांसाठी ठीक, पण आवाज मोठा असतो आणि शनिवार-रविवारी रांग लागते. फक्त चषकासाठी आला असाल तर हे सोडून दिलं तरी चालेल.

तिकिटाचा दर जाण्याआधी संकेतस्थळावर बघा आणि त्यावर ऑन्टारियोचा १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) धरा. नोव्हेंबरमध्ये नव्या सन्मानितांच्या समारंभाच्या दिवशी आणि नाताळला दार बंद असतं. त्या समारंभाच्या आधीचे दोन-तीन दिवस गर्दीचे. जुने खेळाडू बघायचे असतील तर तेव्हा जा, चषक निवांत बघायचा असेल तर टाळा. मधल्या वारची सकाळ सगळ्यात बरी. फोटो तिथले छायाचित्रकार काढून विकतात. स्वतःच्या फोननंही काढता येतो. विकत घेतलेल्या फोटोत प्रकाशयोजना चांगली असते, पण पट्ट्यावरचं एखादं ठरावीक नाव हवं असेल तर ते स्वतःच, जवळ जाऊन, तिरक्या कोनातून टिपायला लागेल.

ओटावालाही जाणार असाल तर स्पार्क्स स्ट्रीटवर एल्जिन स्ट्रीटजवळ या देणगीचं स्मारक आहे, २०१७ मध्ये उभारलेलं. रसेल हाउस याच भागात होतं. तिथं तिकीट नाही, दहा मिनिटं पुरतात, आणि तिजोरीतला कटोरा आधी बघितला असेल तर ते जास्त कळतं. म्हणून टोरोंटो आधी, ओटावा नंतर.